भाऊसाहेबांची पत्रं अन् माझी अर्धी मिशी

"तुमचा आजा विधानसभेत तोंड उघडायचा ते फक्त जांभई द्यायला," मी म्हणलं अन् पान शिवराजच्या हातात ठेवलं.

शिवराज मुरकुटे म्हणजे आमच्या पाथरसांगवीचा नगराध्यक्ष. माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. त्याच्या तीन मजली घराचं सांडपाणी माझ्या दारात पडायचं. अर्ज दिले, काही झालं नाही. मग मी त्या पाइपखाली पाटी ठोकली: 'कै. भाऊसाहेब मुरकुटे धबधबा. पोहण्यास मनाई.' पाटी निघाली, पाणी तसंच राहिलं, अन् माझ्या पानटपरीला अतिक्रमणाची नोटीस आली. तरी गडी पान खायला माझ्याकडंच यायचा. गावात दुसऱ्याच्या हातचं पान त्याला चालायचं नाही, अन् मला त्याला टोमणा मारल्याशिवाय दिवस उगवल्यासारखा वाटायचा नाही.

त्या सकाळी तो टपरीवर उभा राहून आज्याचं पुराण सांगत होता. आजा म्हणजे भाऊसाहेब मुरकुटे. निजामाचं राज्य गेल्यावर पहिली निवडणूक झाली, त्यात आमच्या भागातून निवडून हैदराबादला गेलेले. त्यांची जन्मशताब्दी आली होती. शिवराज म्हणत होता, "नवं सरकार कसं चालवायचं ते भाऊसाहेबांनी शिकवलं त्यांना. एकदा उभे राहिले की मंत्री चळाचळा कापायचे."

म्हणून मी जांभईचं बोललो.

शिवराजनं पान गालात सरकवलं. "लिंबाजी, तुझी जीभ एक दिवस तुझी टपरी खाणार."

"टपरीचं नंतर बघू. भाऊसाहेबांचं एक भाषण दाखवा. एक. लई नको."

"अन् दाखवलं तर?"

शेजारच्या दुकानात रंगा न्हावी गिऱ्हाइकाची दाढी करत होता. त्यानं वस्तरा तसाच वर धरला अन् म्हणला, "मिशी लावा. दोघांनाबी हाये."

माझी मिशी तेव्हा तालुक्यात नावाजलेली. शिवराजची पातळ होती, पण रोज रंगवलेली.

"सबंध नको," मी म्हणलं. "सबंध काढली तर माणूस चांगला दिसतो. अर्धी."

"अर्धी," शिवराज म्हणला. "शताब्दीच्या दिवशी, भर बाजारात, स्टेजवर. अन् मी जिंकलो तर भाऊसाहेबांचं ते भाषण तू माइकवर वाचायचं."

"अन् मी जिंकलो तर तुम्ही माइकवर म्हणायचं, माझा आजा मुका होता."

रंगाच्या खुर्चीतल्या माणसाच्या अर्ध्या तोंडाला फेस होता, तरी तो वळून बघायला लागला. बेंचावर सय्यद मास्तर पेपर वाचत होते. उर्दू शाळेत जन्म घालवलेला माणूस, लबाडी माहीत नसलेला. आम्ही दोघांनी त्यांनाच पंच केलं.

घरी सोजरला सांगितलं. सोजर माझी बायको. बाजारतळावर मिरच्या घेऊन बसायची, तिची सासूबी तिथंच बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मिरच्यांची देठं खुडत होती ती खुडतच राहिली.

"तिकडं माझी बसायची जागा चाललीय, अन् तुम्ही मिशीवर पैजा लावायलात."

खरं होतं. शताब्दीच्या त्याच कार्यक्रमात शिवराज बाजारतळावर कुदळ मारणार होता. 'कै. भाऊसाहेब मुरकुटे व्यापारी संकुल.' खाली गाळे, वर गाळे, गाळे कुणाचे ते आधीच ठरलेलं. बाजारात बसणाऱ्या बायकांना मसणवट्यापलीकडचं माळरान दाखवलं होतं. बायका निवेदन घेऊन गेल्या तेव्हा शिवराज म्हणला, ही भाऊसाहेबांची इच्छा आहे.

"मसणवट्याकडं मिरच्या घ्यायला कोण येणार?" सोजर म्हणली. "पुरलेले?"

"मी बघतो."

"तुम्ही काय बघणार. आरशात अर्धी मिशी बघा."

* * *

सय्यद मास्तरांच्या घरात एक खजिना होता. त्यांच्या वडलांना हैदराबादहून एक उर्दू साप्ताहिक यायचं. विधानसभेत कोण काय बोललं ते सगळं त्यात छापून यायचं. वडलांनी अंक शिवून जिल्द बांधून ठेवलेले. मास्तरांनी चष्मा पुसून पुसून पहिल्या अधिवेशनाची पानं चाळली. मी शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो.

"मुरकुटे कहीं नहीं," मास्तर शेवटी म्हणले. "नाही दिसत, लिंबाजी."

मी तसाच टपरीवर आलो अन् येईल त्याला सांगायला लागलो. दुपारपर्यंत पोरं शिवराजच्या गाडीमागं 'मुका, मुका' करत पळायला लागली. पोरांना मी गोळ्या दिल्या होत्या, ते वेगळं.

शिवराज लालबुंद होऊन आला. "अखबारवाले काय सगळं छापतात का? घरात पत्रं आहेत. भाऊसाहेबांची. आजीला लिहिलेली. त्यात सगळं असणार."

"मग आणा."

त्याचा आवाज खाली आला. "आत्याकडं आहेत."

आत्या म्हणजे अनसूया, भाऊसाहेबांची लेक. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, मागच्या खोलीत राहायची. डोळ्यांत मोतीबिंदू, जिभेला मात्र काही झालेलं नव्हतं. भाच्याशी तिचं बोलणं बंद होतं, कारण शिवराजनं मागची खोली पाडून तिथं गाडी लावायचं काढलेलं. माझ्याशीबी ती नीट बोलायची नाही, कारण धबधब्याच्या पाटीवर तिच्या बापाचं नाव होतं.

आम्ही तिघं तिच्या खोलीत गेलो. मी, शिवराज अन् पंच म्हणून मास्तर. ती पलंगावर बसलेली, मांडीवर पत्र्याची पेटी.

"दोघंबी खाली बसा," ती म्हणली. "मास्तर, तुम्ही खुर्चीवर."

"आत्या, मला फक्त भाषणाचं तेवढं पत्र..."

"तुला फक्त तेवढंच लागतं, शिवराज. मी सांगते तसं. एक तू वाचायचं, एक ह्यानं. मोठ्यानं. मधलं गाळायचं नाही. मला दिसत नाही, ऐकायला येतंय."

पहिलं पत्र माझ्या हातात आलं. निळी शाई, मोठं मोकळं अक्षर, ओळी थोड्या वर चढत गेलेल्या. मी वाचलं:

'सौ. गयास अनेक आशीर्वाद. आम्ही सुखरूप पोचलो. एका नवाबाच्या जुन्या हवेलीत आम्हा सभासदांना उतरवले आहे. एका खोलीत चौघे. एक तेलंगणातले, एक कन्नड मुलखातले. दुसऱ्याने आपली म्हैस बरोबर आणली आहे, ती जिन्याखाली बांधतो. दूध चांगले देते. मंत्री कोण झाले ते अजून आम्हास नीट ठाऊक नाही. एकाला तर वर्तमानपत्र वाचल्यावर कळले की आपण मंत्री झालो.'

मला हसू आवरेना. शिवराज म्हणला, "म्हशीचं काय करायचंय? पुढचं घे."

पुढचं त्याच्याकडं होतं. तो खाकरून वाचायला लागला:

'सभागृहात घंटा वाजते. पहिल्या दिवशी ती वाजताच आमच्यातले दोघे शाळा सुटल्याप्रमाणे उठून बाहेर गेले. त्यांना परत आणावे लागले. इथे शिवी दिली तरी तिचे तीन भाषांत भाषांतर व्हावे लागते. तोपर्यंत ज्याला दिली त्याचा राग जातो आणि ज्याने दिली तो विसरतो. दोन मंत्र्यांत एका बंगल्यावरून अबोला आहे. त्या बंगल्याला नळ आहे म्हणतात. राज्य कसे चालवायचे ते कोणालाच ठाऊक नाही, पण नळ कुठे आहे ते सर्वांस ठाऊक आहे.' इथं शिवराज अडखळला अन् एकदम खाली गेला. 'कळावे, आपला...'

"वांग्यांचं वाच," आत्या म्हणली.

"काय?"

"कळावेच्या आधी वांग्यांचं आहे. गाळू नकोस."

शिवराजनं माझ्याकडं बघितलं अन् हळू आवाजात वाचलं: 'वांगी किती गेली ते कळव. बाजारात उन्हात बसू नकोस, चिंचेखाली बैस.'

शिवराजनं वर्षानुवर्षं भाषणांत सांगितलेलं होतं, आमच्या आजीनं कधी उंबरठा ओलांडला नाही. मी मास्तरांकडं बघून फक्त भुवया उडवल्या. बोललो काही नाही. न बोलण्यात किती मजा असते ते मला त्या दिवशी कळलं.

असं चार-सहा दुपारी चाललं. उसनी शेरवानी आखूड होऊन पोटऱ्या दिसत होत्या ते आलं. कुणी कुणाच्या शेजारी बसायचं यावरून मराठवाड्याच्या अन् तेलंगणाच्या मंडळींत झालेली धक्काबुक्की आली. 'काल ज्यांनी आपल्या पोरांवर लाठ्या चालवल्या तेच शिपाई आज आम्हाला सलाम करतात. सलाम तोच आहे, त्यामुळे भीती वाटते,' असं एक वाक्य आलं, तेव्हा मास्तरांनी ते परत एकदा वाचायला लावलं. भाषणाचं काही येईना.

मग एका दुपारी माझ्या वाट्याला एक लहानशी चिठ्ठी आली.

'इथल्या एका उर्दू अखबाराने माझे माकड केले आहे. सगळी हवेली हसते आहे. म्हशीवालाही हसला. तू ऐकलेस तर तूही हसशील, म्हणून लिहीत नाही.'

"हे काय?" शिवराज म्हणला. "कुणी माकड केलं?"

"वाच पुढचं," आत्या म्हणली. पण तोंड फिरवलं. मला वाटलं, हसायलीय.

पुढं घरच्या गोष्टी होत्या. शिवराजनं चिठ्ठी माझ्या हातातून ओढून घेतली, उलटसुलट बघितली, पेटीत टाकली. "एवढीच?"

"तुला हवी तेवढी दाखवली," आत्या म्हणली अन् झाकण लावलं.

पैज माझीच होती. शिवराज उठला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झालेला. दारात मला अडवून म्हणला, "शताब्दी होऊ दे. सोमवारी तुझी टपरी उचलतो. बायकोच्या मिरच्याबरोबर माळावर फेकतो."

"आधी मिशीचं बघा," मी म्हणलं.

* * *

पण माकड माझ्या डोक्यातून जाईना. मी मास्तरांच्या घरी गेलो.

"मास्तर, मुरकुटे उर्दूत कसं लिहितात?"

त्यांनी पेपरच्या कडेला लिहून दाखवलं. मीम, रे, काफ, टे, ये. मग लिहिलेल्याकडं बघत राहिले. बोट ठेवलं. ओठ हलले. एकदम कपाळावर हात मारला.

"या अल्लाह. मर्कटे."

"काय?"

"उर्दूत मुरकुटे लिवा की मर्कटे लिवा, एकच. उकार कोण देतो? मी त्या दिवशी बघितलं होतं हे नाव. अखबारवाल्यानं वर मथळा दिलाय, मर्कटेसाहेबांच्या उड्या. मी समजलो, कुणी दुसरा असेल. उड्या मारणारा."

जिल्द परत निघाली. मास्तर वाचायला लागले, वाचता वाचता मला मराठीत सांगायला लागले. दोन-चार ओळी झाल्या अन् मास्तर थांबले. माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, वाचा. ते वाचत गेले अन् आम्ही दोघं हसत गेलो. मास्तरांना ठसका लागला. त्यांच्या बेगमनं पाणी आणून दिलं अन् विचारलं, काय झालं. मास्तर म्हणले, "कुछ नहीं, लिंबाजी हार गया."

घरी येऊन मी सोजरला सांगितलं, "मी हरलो."

"चांगलं झालं."

"पण शिवराजला माहीत नाही. त्याला वाटतंय तोच हरलाय. मी गप बसलो तर मी जिंकलो."

"मग गप बसा. आयुष्यात एकदा बसा."

"नाही. त्याला जाऊन सांगणार हाय."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "तुमच्या डोक्यात फरक पडलाय. तो मुका म्हणून माइकवर म्हणला असता तर बायकांना तेवढाच आनंद मिळाला असता. जागा तर जाणारच हाय. तोबी आनंद तुम्ही घालवायलात."

मी काही सांगितलं नाही. सोजरला सांगितलं असतं तर तासाभरात बाजारात गेलं असतं.

शिवराज पालिकेत बसला होता. मी दारातच जोडे काढून आत गेलो, एवढ्यावरच त्याला संशय आला.

"काय पाहिजे?"

"मिशी द्यायला आलोय. भाऊसाहेब बोलले होते. सापडलं."

त्यानं मला बसायलाबी सांगितलं नाही. मी माकडाचं, मर्कटेचं, सगळं सांगितलं. मास्तरांना बोलावणं गेलं. मास्तरांनी जिल्द उघडून नाव दाखवलं. लपवायचं काही नव्हतंच, मास्तरांना लपवता येत नाही. शिवराजनं विचारलं, "भाषण काय आहे?" मास्तरांनी सुरुवात वाचली. 'सभापती महाशय, हे राज्य आता आपले झाले आहे. ते खरोखर आपले झाले की नाही हे मी माझ्या गावावरून सांगतो. माझ्या गावाचे नाव पाथरसांगवी.'

"वा," शिवराज म्हणला. खुर्चीत मागं रेलला. "वा. गावाचं नाव घेतलं हैदराबादला. पुढचं?"

मी मध्येच पडलो. "अध्यक्ष, पुढचं लई मोठं हाय. मिशी काढतो, भाषणाचं माफ करा. नाहीतर थोडक्यात वाचतो. दोन ओळी."

"का? आता का?"

"भर बाजारात तुमच्या आज्याचं कौतुक माझ्या तोंडून. माझी बायको समोर बसलेली. लाज वाटते हो."

शिवराजला लई बरं वाटलं. मास्तरांकडं वळून म्हणला, "मास्तर, हे सगळं मराठीत लिहून ह्याच्याच हातात द्या. मला आता ऐकायचं नाही, स्टेजवर ह्याच्या तोंडून ऐकणार. अन् लिंबाजी, शब्दन् शब्द. एक शब्द गाळलास तर सोमवारची वाट नाही बघणार."

मास्तर काहीतरी बोलायला गेले. "अध्यक्षसाहेब, एकदा बघून घेतलं असतं तर..."

"गरज नाही. माझ्या आज्याचं आहे ते."

दुसऱ्या दिवशी पत्रिकेत छापून आलं: 'भाऊसाहेबांच्या ऐतिहासिक भाषणाचे वाचन, श्री. लिंबाजी गुंडरे (पानवाले).'

* * *

बाजारतळावर मांडव पडला होता. जिथं पाया खणायचा तिथं चुन्याच्या फक्कीनं रेघा मारलेल्या. बायकांना रेघांच्या बाहेर उभं केलेलं, टोपल्या डोक्यावर, कारण खाली ठेवायला जागाच ठेवली नव्हती. सोजर पुढंच होती. माझ्याकडं अशी बघत होती जसा मी कुणाच्या तरी वरातीत नाचायलोय.

स्टेजवर जिल्ह्याहून आलेले आमदार, शिवराज, दोन-चार गाळेवाले. कोपऱ्यात रंगा, खांद्यावर टॉवेल, हातात वाटी. पुढच्या ओळीत आत्याला आणून बसवलेलं, भाऊसाहेबांची लेक म्हणून. नव्या लुगड्यात, मांडीवर हात बांधून.

शिवराजनं माइक घेतला. "आमचे शेजारी लिंबाजी म्हणत होते, भाऊसाहेब मुके होते. आज तेच भाऊसाहेबांचं भाषण वाचतील. अन् मग अर्धी मिशी देतील." टाळ्या पडल्या. आमदार हसले. शिवराज माझ्या कानाशी येऊन म्हणला, "मोठ्यानं वाच, भडव्या."

मी मोठ्यानं वाचलं.

"'सभापती महाशय, हे राज्य आता आपले झाले आहे. ते खरोखर आपले झाले की नाही हे मी माझ्या गावावरून सांगतो. माझ्या गावाचे नाव पाथरसांगवी.'"

परत टाळ्या. शिवराजनं हात जोडले.

"'माझ्या गावच्या बाजारात बाया भाजी घेऊन बसतात. त्यांच्याकडून तहबाजारी, म्हणजे जमिनीवर बसल्याचा पैसा, घेणारा एक ठेकेदार निजामाच्या वेळी होता. आज आपले सरकार आले. ठेकेदार तोच आहे. फक्त टोपी बदलली.'"

मागून कुणीतरी शिट्टी मारली. शिवराज अजून हसत होता, पण आता फक्त ओठांनी.

"'तो ठेकेदार आता सरकारला म्हणतो, इथे पक्की इमारत बांधू, दुकाने काढू. दुकाने कोणास? ज्याला आधीच दुकान आहे त्यास. आणि बाया कुठे? गावाबाहेर.'"

सोजरनं डोक्यावरची टोपली हातानं सावरली अन् दोन पावलं पुढं आली.

शिवराज माइकजवळ आला. "वेळ कमी आहे, लिंबाजी, एवढं पुरे."

"शब्दन् शब्द, अध्यक्ष. तुम्हीच म्हणलात. पत्रिकेत छापलंय."

"वाचू द्या की," खालून एक बाई म्हणली. मग दुसरी. आमदार शिवराजकडं बघायला लागले. गाळेवाले स्वतःच्या बुटांकडं.

"'ती जमीन उघडी आहे म्हणून गरिबाची आहे. तिच्यावर भिंत उभी राहिली की ती कोणाच्या तरी मालकीची होते. म्हणून मी सरकारास सांगतो, पाथरसांगवीच्या बाजारतळावर एक वीट ठेवू नका. जो ठेवील, मग तो माझ्या पक्षाचा असो वा माझ्या घरचा, तो गरिबाच्या अंगावरचा...'"

मी थांबलो.

"काय?" खालून आलं. "गरिबाच्या अंगावरचा काय?"

"इथं टिंबं हाईत," मी म्हणलं. हे खरंच होतं, मास्तरांनी तशीच उतरवली होती. "सभापतींनी शब्द काढून टाकायला लावला. अखबारवाल्यानं टिंबं छापली. काय शब्द होता ते मला माहीत नाही."

शिवराजनं माइकवर हात ठेवला. "झालं. संपलं. धन्यवाद."

"संपलं नाही," आत्या म्हणली.

तिनं लुगड्याच्या ओच्यातून एक घडी केलेला कागद काढला. त्या दुपारी पेटीतून न काढलेला. मास्तरांनी तिला हात दिला, ती स्टेजच्या पायरीपर्यंत आली अन् कागद वर केला.

"घे, शिवराज. तू वाच. आज्याचं अक्षर वळखू येतं ना तुला."

सगळा बाजार बघत होता. त्यानं कागद घेतला. डोळे ओळींवरून फिरले, एका जाग्यावर अडकले.

"वाच की."

"आत्या, घरी बोलू."

"बरं," आत्या म्हणली. माझ्याकडं हात केला. "ते इकडं आण." मी माइक खाली तिच्या तोंडापाशी धरला. तिनं कागद परत मागितला नाही. डोळे तसेच, समोर कुठंतरी. शाळेत पाठ म्हणतात तशा आवाजात ती म्हणायला लागली. तिच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा घरात वाचणारी ही एकटीच होती.

"'सौ. गयास अनेक आशीर्वाद. ठेकेदाराच्या माणसाने तुझी टोपली लाथाडली व वांगी तुडवली असे अनूच्या अक्षरात कळले. आज मी सभागृहात उभा राहिलो. पाय कापत होते. ठेकेदारास मी गोचीड म्हणालो. तेलंगणाच्या सभासदांस गोचीड म्हणजे काय ते कळेना. एकाने विचारले, हा माणूस आहे की जनावर. ते समजावून सांगण्यात फार वेळ गेला व गोचीड कसे चिकटते आणि कसे फुगते हे सर्व भाषांत सर्वांस कळले. मग सभापतींनी मला शब्द परत घ्यायला लावला. नवे सरकार आहे, नियम पाळले पाहिजेत. मी परत घेतला. तू सभासद नाहीस. तुला परत घ्यायचे कारण नाही.'"

मग बायकांच्या घोळक्यातून एक आवाज आला, हळूच, चव बघितल्यासारखा. "गोचीड." मग दुसऱ्या टोकाकडून. मग चिंचेखालून. कुणी ओरडत नव्हतं. एकमेकींना सांगितल्यासारखं म्हणत होत्या, अन् म्हणताना शिवराजकडं बघत होत्या.

सोजर चालत आली. फक्कीच्या रेघेवर पाय दिला, रेघ पुसली, पलीकडं गेली, टोपली खाली ठेवली अन् तिच्यामागं बसली. तिच्यामागोमाग बाकीच्या. रेघांनी आखलेल्या सगळ्या खोल्या मिरच्या, कोथिंबीर, दोडक्यांनी भरल्या. कुदळ जिथं ठेवली होती तिथं एका म्हातारीनं लसणाचं पोतं उघडलं अन् कुदळ बाजूला सरकवून दिली.

आमदार उठले. शाल खांद्यावर नीट केली. "शिवराजराव," ते म्हणले, "भूमिपूजनाचं आपण परत कधीतरी बघू." गाळेवाले त्यांच्याआधीच मांडवाबाहेर पोचले होते.

शिवराजबी पायऱ्यांकडं वळला. त्याच्या मानेवरची शीर दिसत होती. मी त्याच्या आडवा झालो.

"कुठं निघालात? मिशी राहिली."

"हो बाजूला."

"असं कसं? तुम्ही जिंकलात. भाऊसाहेब बोलले होते, मी हरलो. हरलेल्यानं द्यावं, जिंकलेल्यानं घ्यावं. बसा."

"लिंबाजी, मी तुला सोडणार नाही."

"सोडू नका. पण आधी मिशी घ्या." मी माइक तोंडाशी घेतला. "मंडळी, अध्यक्ष पैज जिंकलेत. जिंकलेला माणूस पळून चालला तर गाव काय म्हणल?"

गाव काय म्हणल ते गावानं लगेच म्हणून दाखवलं. शिवराजला परत खुर्चीत बसावं लागलं. मी त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसलो, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. रंगानं टॉवेल माझ्या गळ्यात घातला, फेस लावला अन् वस्तरा उघडला.

"कोणती बाजू?" रंगानं विचारलं.

"अध्यक्षांना विचार. त्यांच्या मालकीची हाय आता."

खाली मिरच्यांच्या ढिगामागं सोजर बसली होती. गिऱ्हाइकाला मिरच्या तोलून देत होती, पण डोळे स्टेजवर होते. रंगानं माइक शिवराजच्या तोंडापाशी नेला. शिवराज खाली बघून, ऐकायला येईल न येईल असं म्हणला, "डावी."

"मोठ्यानं, अध्यक्ष," रंगा म्हणला. "मागं ऐकू जात नाही."

"डावी," शिवराज म्हणला, अन् भोंग्यातून ते सगळ्या बाजारावर गेलं.